कल्लाप्पा लाव

शुक्रवार, चार ते पाच. ऐच्छिक विषय.
खिडकीबाहेर उद्यमबागेचा भोंगा
आणि फळ्यावर माझे तीन शब्द :
नवं. सहज न सुचणारं. उपयोगी.
(मधल्यासाठी अजून धड शब्द सापडलेला नाही.
कन्नडमधून सांगून पाहिलं,
तर मागचा बाक हसला.)

विसातले अकरा हजर.
कुणाचा जीव खानापूरच्या बसमध्ये अडकलेला,
कुणी वहीत माझा चष्मा काढतोय.
मी सांगतेय : पेटंट हा सौदा आहे, पोरांनो,
तुम्ही गुपित उघडं करायचं,
सरकारनं वीस वर्षं राखण करायची.

तेव्हा नागेश मुचंडीकर उभा राहतो.
दोन महिन्यांत पहिल्यांदा.
मोबाइलवर फोटो :
तापलं लोखंड ओतायचं लेडल,
आणि त्याच्या कुशीला
सायकलचं फ्रीव्हील.

"बाबा लावलेत, मॅडम.
हात निसटला तरी उलटत नाही,
कट् कट् करून जाग्यावर थांबतंय."
कधी लावलं?
"भरमा मामाच्या पायावर सांडलं, त्या वर्षी.
मी दुसरीत होतो."

मी अर्धा फळा पुसते, चित्र काढते,
तिन्ही शब्दांपुढे बरोबरची खूण.
अकरा माना वर, चष्मेवाल्याचीसुद्धा.
मनात माझा मसुदाही सुरू झालाय,
'असे उपकरण, ज्यायोगे...'
मग विचारायचं म्हणून विचारते,
आजवर कुणाकुणाला दाखवलंय हे?

"सगळ्यांस्नी."
म्हणजे?
"सतरा शेड झालेत. बाबा आयतवारी जातेत,
स्वतः वेल्डिंग करून देतेत. चहा घेतेत. पैसे नाही.
शिरोळीहून एकजण आलेला,
त्यालाबी कागदावर काढून दिले."

पहिल्या शब्दापुढची खूण
मी बोटानं पुसली. उरलेल्या दोन तशाच.
दाखवलं त्या दिवशीच ते नवं राहिलं नाही, नागेश.
रिपोर्ट सांगताना डॉक्टर काढतात
तसला आवाज माझ्या गळ्यातून आला.

तो बसला नाही.
"मग लपवून ठेवायचे होते होय?
बाकीच्या सोळा शेडांत पाय नव्हते काय?"

मी पुस्तकाची पानं चाळली.
पुढच्या आठवड्यात ट्रेडमार्क होता.

शनिवारी त्या शेडमध्ये गेले.
कल्लाप्पांनी दोनदा हात पुसले,
तरी पुढे केला नाही, स्टूल सरकवलं.
त्यांना पेटंट समजावताना
माझंच वाक्य भट्टीच्या आवाजात मधेच तुटत होतं.
तेवढ्यात पलीकडून कुणी ओरडलं,
"ए, कल्लाप्पा लाव की आधी!"

ते वळले नाहीत.
हाक त्यांना नव्हतीच.
गोपालगंजचा एक पोरगा वाकला, दांडा ओढला,
कट् कट् कट्.
कल्लाप्पा लागला.

"आधी मी बघत होतो वळून," ते म्हणाले,
"आता सवय झाली."
तिसऱ्या शेडात त्याला नुसतं 'कल्ला' म्हणतात,
आणि हद्दीपलीकडे, शिरोळीत, म्हणे 'बेळगावी'.
तिकडे कल्लाप्पा कोण ते ठाऊक नाही.
हे सांगताना त्यांना हसू आलं
आणि मला काय करावं ते कळेना,
म्हणून चहा संपवला.

सत्रपरीक्षा. प्रश्न चौथा, गुण दहा :
नावीन्याची अट सोदाहरण स्पष्ट करा.
नागेशनं पानभर आकृती काढली होती,
लेडल, दांडा, फ्रीव्हील, बाण दाखवून.
खाली दोनच ओळी :
'पेटंट मिळणार नाही.
कारण ते सगळ्यांकडे आहे.'

कलम लिहिलं नव्हतं. तीन गुण कापले.
रात्री गठ्ठा बांधताना ती उत्तरपत्रिका पुन्हा काढली,
आकृतीतले दात पेन्सिलीनं मोजले.
अठरा.
एकही कमी नव्हता.